एका लिटर पाण्यावर झाड: थरच्या वाळूतली लागवड क्रमाने कशी करायची

राजस्थानात सीकर जिल्ह्यातल्या दांता गावचे शेतकरी सुंडाराम वर्मा यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. तेव्हापासून ‘एक लिटर पाण्यात झाड’ ही ओळ मोबाइलवर सगळीकडे फिरते आहे. ओळ फिरली, पद्धत मात्र मागेच राहिली. लोक खड्डा घेतात, रोप लावतात, मोजून एक लिटर पाणी घालतात आणि महिन्याभरात काटकी उपटून टाकतात. मग ‘असलं काही होत नसतं’ असा निकाल लागतो.

होतं. पण ते लिटरभर पाण्याने होत नाही. झाड लावायच्या आधीच्या अडीच-तीन महिन्यांत शेतात दोनदा नांगर फिरलेला असतो, त्याने होतं. पहिली नांगरट चुकली की पुढची सगळी मेहनत फुकट. म्हणून इथे तयारीवर आणि क्रमावर जास्त लिहिलं आहे, लागवडीच्या दिवसावर त्या मानाने कमी.

## आधी पाण्याचा हिशेब

एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. सीकरच्या बाजूला वर्षाला साधारण साडेचारशे, जोधपूरला साडेतीनशे-पावणेचारशे मिलिमीटर पाऊस पडतो. यातलं काही वाहून जातं, काही उन्हाने उडतं, आणि बरंचसं तण पिऊन टाकतं. रेताड जमीन एक मीटर खोलीपर्यंत साधारण ६० ते १०० मिलिमीटर पाणी झाडाला घेता येईल असं धरून ठेवते. रोपं ५ बाय ५ मीटरवर लावली, तर एका रोपाच्या वाट्याला २५ चौरस मीटर जमीन येते. म्हणजे एका मीटरच्या थरात दीड ते अडीच हजार लिटर पाणी.

झाड जगतं ते या पाण्यावर. वरून घातलेला एक लिटर फक्त मुळाभोवतीची माती बसवतो आणि पिशवीतल्या मातीला जमिनीतल्या ओलीशी जोडून देतो. त्यामुळे सगळा खटाटोप एवढ्यासाठीच: पाऊस जमिनीत उतरवायचा आणि उतरलेली ओल वर येऊ द्यायची नाही.

## टप्पा १: जमीन पाहणे (एप्रिल-मे)

पहार, फावडं आणि शक्य असल्यास खांब रोवायला वापरतात तो आगर घेऊन शेतात जा. चार-पाच ठिकाणी एक मीटर खोल भोक पाडा. रेती किंवा रेताड पोयटा सलग खाली गेला तर जमीन कामाची. पहार दोन फुटांवर खणकन वाजली आणि वर पांढरट चुनखडीचे खडे आले, तर तिथे कंकराचा थर आहे. तो पातळ असेल तर आगराने फोडून खालची माती पाहा. जाड असेल तर त्या तुकड्यात मोठी झाडं लावू नका, गवत घ्या.

पचपदरा किंवा लुणी नदीच्या खोऱ्यासारख्या भागात क्षार आहेत का, तेही बघावं लागतं. मे महिन्यात जमिनीवर पांढरी झाक दिसत असेल तर माती परीक्षण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आली तर ती जमीन खारवट. तिथे जाळ, म्हणजे आपला पीलू, टिकेल. बाकीच्यांची आशा नको.

पाऊसही बघा. वर्षाला २५० मिलिमीटरच्या खाली, म्हणजे जैसलमेरच्या पश्चिमेकडे, नुसत्या साठलेल्या ओलीवर झाडांची लागवड करणं हा जुगार आहे. तिथे फोग, खींप, कैर अशी झुडपं आणि सेवण गवत हीच खरी लागवड.

सावधान: हलता टिब्बा, म्हणजे वाऱ्याने सरकणारी वाळूची टेकडी असेल तर ही पद्धत तिथे अजिबात वापरू नका. टिब्ब्यावर नांगर घालणं म्हणजे वाऱ्याला आमंत्रण. त्याचं वेगळं तंत्र पुढे दिलं आहे.

## टप्पा २: रोपं (आदल्या वर्षीपासून)

झाड कोणतं हे आधी ठरलं पाहिजे, कारण लागवडीच्या वेळी रोप सहा महिने ते वर्षभराचं आणि निदान दीड-दोन फूट उंच हवं. या उंचीचं कारण टप्पा ६ मध्ये येईल.

सपाट रेताड शेतासाठी पहिली पसंती खेजडी, म्हणजे आपली शमी. मूळ सरळ खोल जातं, सावली विरळ असते, खाली बाजरी-मूग घेता येतो. तिच्या जोडीला रोहिडा, डिंकासाठी कुमट, चाऱ्यासाठी अरडू (आपल्याकडचा महारुख). इस्रायली बाभूळ पटकन वाढते, पण तिच्याखाली गवतही धड येत नाही. शेताच्या कडेला ठीक, मध्ये नको. वेडी बाभूळ तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती पसरली की काढता काढता पुढची पिढी दमेल.

खेजडीचं बी कठीण कवचाचं असतं. पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकायचं आणि त्याच पाण्यात रात्रभर राहू द्यायचं. फुगलेलं बी सकाळी पेरायचं, न फुगलेलं पुन्हा तसंच भिजवायचं. कडुलिंबाचं बी मात्र दोन-तीन आठवड्यांत उगवणशक्ती घालवून बसतं, त्यामुळे ते साठवून ठेवायच्या भानगडीत पडू नका.

पिशवी लांब घ्या, निदान २५ सेंटिमीटर. आखूड पिशवीत सोटमूळ तळाशी गोल फिरतं आणि जमिनीत गेल्यावरही गोलच फिरत राहतं. अशी खेजडी पहिलं वर्ष काढते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बसते. विकत घेताना एक पिशवी फाडून मूळ बघू द्या म्हणावं. नर्सरीवाला कुरकुर करत असेल तर दुसरी नर्सरी बघा.

नर्सरीत असताना पिशव्या महिन्यातून एकदा जागच्या हलवायच्या, नाहीतर मूळ पिशवी फोडून खालच्या जमिनीत शिरतं आणि उचलताना तुटतं. लागवडीच्या आधी तीन आठवडे पाणी हळूहळू कमी करायचं आणि रोपं उन्हात ठेवायची. हिरवंगार, लुसलुशीत रोप दिसायला छान, पण वाळूत सगळ्यात आधी तेच जातं.

बोर लावायचं असेल तर कलम केलेलं रोप आणू नका. आधी बोरडीचं रानटी रोप लावा, ते रुजलं की पुढच्या पावसाळ्यात त्यावर शेतातच डोळा भरा, म्हणजे चांगल्या वाणाचं कलम करा. जोधपूरच्या काझरी (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था) या संस्थेने कोरडवाहू बोरांवर बरंच काम केलं आहे. गोला, सेब, मुंडिया हे वाण त्या पट्ट्यात चालतात.

तपासणी: रोप हातात आडवं धरा. पिशवीतली माती सुटून पडत नाही, खोड पेन्सिलीएवढं जाड आहे आणि पिशवीच्या तळातून मुळांचा गुंता बाहेर लोंबत नाही, तर रोप चांगलं.

## टप्पा ३: बांध, कुंपण आणि वारा (मे-जून)

पश्चिम राजस्थानात मान्सून सर्वसाधारणपणे ८ जुलैपर्यंत पोचतो. त्याच्या आत तीन कामं उरकायची.

जमीन शक्य तेवढी सपाट करा आणि चारही बाजूंनी फूट-दीड फुटाचा मातीचा बांध घाला. वाळूत पाणी आपोआप मुरतं असं वाटतं, पण जोराच्या सरीने वर पातळ पापडी धरली की तेच पाणी वाहत सुटतं. उतार असेल तर मध्ये आडवे बांध घ्या. शेताच्या बाहेर गेलेलं पाणी हिशेबातून गेलं.

कुंपण झाडांच्या आधी. झडबेरीच्या (रानबोरीच्या) काटेरी फांद्यांची वई, म्हणजे कुंपण, तिथे पूर्वापार आहे आणि स्वस्तही पडते. शेळी आत शिरली तर एका दुपारीत काम तमाम. नीलगाय वई ओलांडून येते. तिच्यासाठी वईला उंची द्या आणि पहिलं वर्ष राखण ठेवा.

तिसरं काम वाऱ्याचं, आणि नेमकं हेच सगळे विसरतात. मार्चपासून जुलैपर्यंत वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि वाळूचा मारा कोवळ्या खोडाची साल सोलून काढतो. त्या बाजूच्या बांधावर खींप किंवा सरकंडा (उंच गवत) दाट लावा. तो वाढेपर्यंत बाजरीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या रोवल्या तरी चालेल.

## टप्पा ४: पहिली नांगरट (पहिल्या चांगल्या पावसानंतर पाच-सहा दिवसांनी)

पहिला दमदार पाऊस झाला की थांबा. लगेच ट्रॅक्टर घालू नका. पाच-सहा दिवसांत तण अंकुरतं: भरूट, गोखरू, कडू इंद्रावणाचे वेल, सिनिया. ते दोन-चार पानांवर आलं आणि जमिनीला वाफसा आला (माती ओलसर, पण चिखल नाही) की खोल नांगरट करा.

यातून दोन गोष्टी साधतात. तण मुळासकट उलटतं. आणि वरची घट्ट पापडी फुटून पुढचा पाऊस सरळ खाली उतरतो. माझ्या मते पहिल्या नांगरटीचा खरा फायदा तण जाण्यात आहे. जुलै-ऑगस्टभर तण उभं राहू दिलं तर ते जमिनीतून जेवढं पाणी ओढतं, त्याच्या पुढे नुसत्या उन्हाने उडणारं पाणी किरकोळ आहे.

मग पावसाळाभर शेत रिकामं ठेवायचं. इथे शेतकऱ्याचा हात थरथरतो. ‘दोन पायल्या मूग टाकला असता’ असं वाटतं. पहिल्या वर्षी नको. मुगाने प्यायलेलं पाणी परत येत नाही. ऑगस्टमध्ये तण पुन्हा डोकं काढू लागलं तर एक हलकी कुळवाची पाळी द्या.

सावधान: पाऊस पडण्याआधी, मे-जूनच्या आंधीत, कोरडी नांगरट करू नका. सुटी झालेली वाळू बांधापलीकडे जाते आणि शेताची वरची सुपीक माती शेजाऱ्याला फुकट मिळते. मोठं शेत असेल तर वाऱ्याला आडव्या पट्ट्यांत नांगरा, आणि मधे सेवण किंवा धामण गवताची एकेक पट्टी न नांगरता सोडा.

## टप्पा ५: दुसरी नांगरट (पावसाळा संपता संपता)

पश्चिम राजस्थानातून मान्सून परत फिरण्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर. त्याच्या आसपास, शेवटचा चांगला पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला की दुसरी नांगरट, २५ ते ३० सेंटिमीटर खोल. कल्टिव्हेटर एवढा खोल जात नाही. पलटी नांगर किंवा तवा नांगर लावा आणि त्यामागे फळी मारून शेत सपाट करा. ढेकळं आणि सऱ्या उघड्या ठेवल्या तर वारा आत शिरून खालची ओलही नेतो.

पाऊस थांबला की जमिनीतलं पाणी बारीक केशनळ्यांतून वर चढतं आणि उडून जातं. एक फूट जाडीची माती सुटी केली की या नळ्या मधेच तुटतात. वरचा थर आठवडाभरात वाळून भुसभुशीत होतो, त्याच्याखालची ओल कोंडून राहते. वरचा थर कोरडा दिसतोय म्हणून घाबरू नका. तो कोरडाच असायला हवा.

दोन चुका नेहमीच्या. एक, आणखी एक पाऊस येईल म्हणून वाट बघत बसणं. पाऊस येत नाही, पंधरा दिवस कडक ऊन पडतं आणि वरची दीड फूट ओल निघून जाते. नांगरून झाल्यावर पाऊस आलाच, तर वाफशावर पुन्हा एक पाळी घाला. त्यात डिझेल जातं, बाकी काही जात नाही. दुसरी चूक म्हणजे वितभर खोल पाळी मारून समाधान मानणं. त्याने वर झाकण पडतं, पण पातळ.

तपासणी, आणि ही चुकवू नका: नांगरटीनंतर चार-पाच दिवसांनी शेतात तीन जागी दोन फूट खोल भोक घ्या. एक फुटाखालची माती मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटाने टोचल्यावर दोन-तीन तुकडे झाले, तर ओल पुरेशी आहे. तशी ओल दोन फुटांखालीही सापडली पाहिजे. गोळाच बनत नसेल, माती बोटांतून सरळ गळून जात असेल, तर या वर्षी लागवड रद्द. रोपं नर्सरीत परत. दुष्काळी सालात मन घट्ट करून थांबणारा पुढच्या वर्षी पुढे असतो.

## टप्पा ६: लागवड

दुसऱ्या नांगरटीनंतर आठवड्याभरात लावा. वेळ दुपारी चारनंतरची. आदल्या संध्याकाळी नर्सरीत रोपांना भरपूर पाणी द्या, पिशवीतली माती पूर्ण भिजली पाहिजे.

अंतर पावसावर आणि ट्रॅक्टरच्या रुंदीवर ठरवा. साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास ५ बाय ५ मीटर, म्हणजे हेक्टरी ४०० झाडं. पाऊस कमी असेल तर ८ बाय ८, म्हणजे दीडशेच्या थोडी वर. चौरस आखणी ठेवा, म्हणजे पुढे कुळव उभा-आडवा दोन्हीकडून फिरतो आणि हाताचं काम निम्म्यावर येतं.

आता खड्डा. ४५ सेंटिमीटर खोल आणि फक्त १५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे पिशवी कशीबशी आत जाईल एवढाच. आपल्याकडे उन्हाळ्यात दोन बाय दोनचे खड्डे घेऊन तापू द्यायची, मग शेणखत-पालापाचोळा भरायची सवय आहे. ती इथे पूर्णपणे विसरा. खड्डा उघडा राहिला की त्याच्या भिंती वाळतात, आणि ज्या ओलीसाठी तीन महिने घालवले ती तिथेच उडते. एक माणूस आगर फिरवतो, दुसरा मागोमाग रोप ठेवतो, तिसरा पाणी घेऊन येतो. दहा खड्ड्यांच्या पुढे काढून ठेवायचे नाहीत.

वरची अर्धा फूट कोरडी माती एका बाजूला टाका, खालची ओली दुसऱ्या बाजूला. ती मिसळू देऊ नका.

१. रोपाची खालची पानं काढून टाका. खोडाचा जो भाग मातीत जाणार आहे त्यावर पान नको.

२. ब्लेडने पिशवीचा तळ कापा, मग बाजूने चीर देऊन पिशवी काढा. पिशवीसकट लावणारे अजून आहेत. त्यांना काय सांगावं!

३. रोप आत सोडा. मुळांच्या मातीचा वरचा काठ जमिनीच्या पातळीखाली निदान २० सेंटिमीटर गेला पाहिजे. म्हणजे खोडाचा वीतभर भाग गाडला जाणार. रोप दीड-दोन फूट उंच हवं म्हटलं ते यासाठी.

४. मुळांभोवती ओली माती घालून हाताने दाबा, पोकळी ठेवू नका.

५. एक लिटर पाण्यात एक मिलिलिटर वाळवीचं कीटकनाशक मिसळून ते पाणी हळूहळू मुळापाशी सोडा. कृषी विभागाने शिफारस केलेलंच औषध घ्या, लेबल वाचा, हातमोजे घाला. डोळ्याने अंदाज घेऊन ओतू नका, मापी ठेवा.

६. पाणी मुरलं की वर बाजूला काढलेली कोरडी माती भरा आणि हलकेच सारखी करा. वर पाय देऊन तुडवू नका.

आळं करू नका. हे पुन्हा सांगतो, कारण सांगूनही लोक करतात: आळं करू नका. आळ्यातली माती घट्ट बसते, घट्ट मातीत केशनळ्या पुन्हा जोडल्या जातात आणि नेमकी रोपाच्या बुडाशी ओल उडायला लागते. खड्ड्यात कच्चं शेणखतही नको. वाळवीला वाळूत दुसरं काही खायला नसतं. शेणखताच्या वासाने ती येते आणि शेणखत संपलं की मुळाकडे वळते.

आणि नंतर पाणी नाही. आठवड्याने ‘थोडंसं’ घालायचा मोह होतो. वरून मिळतंय म्हटल्यावर बारीक मुळं वर येतात. मग मे महिन्यात टँकर चुकला की वर आलेली मुळं भाजतात आणि खाली गेलेलं मूळ नसतंच. एक तर ठिबक लावून नियमित पाणी द्यायचं ठरवा, नाहीतर अजिबात देऊ नका. मधला मार्ग सगळ्यात वाईट.

## टप्पा ७: खुरपणी, म्हणजे झाकणाची डागडुजी

लागवडीनंतर आठवड्याभरात रोपाभोवती मीटरभर जागा १५ ते २० सेंटिमीटर खोल खुरपून भुसभुशीत करा. मुळं वीतभर खाली गेलेली असल्यामुळे खुरपं किंवा कुदळ त्यांना लागत नाही. खोल लावण्याचा हाही एक फायदा. ओळींमधल्या पट्ट्यात कुळव फिरवा.

त्यानंतर साधारण दर तीन महिन्यांनी एक पाळी, पण कॅलेंडरपेक्षा पावसाकडे बघा. डिसेंबर-जानेवारीत मावठा झाला की जमिनीवर पापडी धरते. वाफसा आल्याबरोबर, चार-पाच दिवसांत, ती मोडा. बाहेरून वाटतं की मावठ्याने फायदा झाला. पापडी तशीच राहिली तर १० मिलिमीटरचा मावठा खालची आणखी ओल वर ओढून नेतो.

शेवटची हिवाळी पाळी फेब्रुवारीअखेर उरकून घ्या. मार्चनंतर वारा सुटतो. तेव्हा सगळं शेत उकरू नका, फक्त रोपाभोवतीचं तण काढा.

तपासणी: रोपापासून हातभर अंतरावर बोटं मातीत खुपसा. दोन-तीन इंच कोरडी भुसभुशीत माती लागली तर झाकण शाबूत. पहिल्याच पेरात कडक लागलं तर कुदळ घ्या.

सावधान: रब्बीत मधल्या पट्ट्यात मोहरी किंवा हरभरा घ्यायचा मोह टाळा. शेखावटीत, म्हणजे सीकरच्या पट्ट्यात, ही पिकं साठलेल्या ओलीवरच येतात, म्हणजे ती तुमच्या रोपांच्याच ताटात जेवणार.

## टप्पा ८: पहिली थंडी, पहिला उन्हाळा

सीकर, फतेहपूर, चुरू या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा शून्याखाली जातो. कडुलिंब आणि महारुखाची कोवळी रोपं कडाक्याच्या एका रात्रीत काळी पडतात. बाजरीच्या कडब्याची किंवा सरकंड्याची झोपडी करून आग्नेयेकडची बाजू उघडी ठेवा, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. खेजडी, रोहिडा, बोरडी यांना सहसा याची गरज लागत नाही.

वाळवंटी उंदीर हा दुसरा शत्रू. रोपाजवळ ताजी बिळं दिसली की बुजवा. दुसऱ्या दिवशी जी पुन्हा उघडलेली दिसतील तीच चालू बिळं, उपाय तिथे करा. रोप न पिवळं पडता अचानक आडवं झालं असेल, तर उपटून मूळ बघा. तिरकस कुरतडलेलं असेल तर उंदीर, साल पोखरून आत मातीचे बोगदे दिसले तर वाळवी.

मे महिन्यात घाबरायचं नाही. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली होती. अशा तापात वरची वाढ वाळणं स्वाभाविक आहे. खेजडीची काडी वाळली म्हणजे झाड गेलं असं नाही. नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत. हिरवं नसलं तरी उपटू नका. बुडातून पहिल्या पावसानंतर फुटवा येतो. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायच्या त्या पुढच्या सप्टेंबरला, याच पद्धतीने.

दुसऱ्या खरिपात मधल्या पट्ट्यात मूग, मोठ (मटकी) किंवा गवार घ्यायला हरकत नाही, रोपापासून मीटरभर जागा सोडून. बाजरी उंच आणि हावरट. ती तिसऱ्या वर्षापासून.

## टिब्बा असेल तर

नांगर नाही, कुळव नाही. आधी माणसं-जनावरांची वहिवाट बंद करायची. मग खींप, सिनिया, बुई, झडबेरी यांच्या फांद्या वाऱ्याला आडव्या रांगांत रोवायच्या, रांगांमध्ये पाच-पाच मीटर अंतर. वारा दिशा बदलत असेल तर उभ्या-आडव्या दोन्ही ओळी घालून पटासारखे चौकोन करायचे. फांदीचा जाड बुडखा वर आणि शेंडा वाळूत ठेवायचा. हे काम पावसाळ्याआधी संपलं पाहिजे, आणि सुरुवात वारा जिकडून येतो त्या बाजूने. उलट्या बाजूने सुरू केलेल्या रांगा बघता बघता वाळूखाली जातात.

पाऊस पडला की रांगांच्या आडोशाला सेवण गवताचं बी टाकायचं. बी हलकं, वाऱ्याने उडतं. ओल्या वाळूत आणि शेणात कालवून गोळ्या करून टाकलं तर जागेवर राहतं. रोपं त्याच पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, चौकोनाच्या मध्यावर. टिब्ब्याच्या माथ्यावर घाई नको. पायथा आणि उतार धरला की माथा पुढच्या वर्षी.

## महाराष्ट्रात करून बघायचं असेल तर

माण, खटाव, आटपाडी, जत इथल्या वाचकांसाठी. तुमच्याकडे पाऊस सीकरएवढा किंवा जास्तच, मग झाडं का जगत नाहीत? कारण साठवायला जमीन नाही. फूटभर मातीखाली मुरूम लागला तर ओल कोंडायची कुठे? तिथे समतल चर खणा, बांधाच्या वरच्या अंगाला जिथे गाळ साचलाय तिथे लावा, आणि पहिली दोन वर्षं थोडं पाणी द्यायची तयारी ठेवा. ओढ्याकाठच्या खोल, हलक्या, पोयट्याच्या तुकड्यात मात्र ही पद्धत जशीच्या तशी करून बघण्यासारखी आहे.

काळ्या रानात एक बदल लागतो. तिथे ओल भेगांतून जाते, म्हणून भेग दिसली की कुळव, मग ती कधीही दिसो. आणि खोड वीतभर गाडू नका. काळ्या ओल्या मातीत बुंधा कुजतो. पिशवीची पातळी जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली एवढंच, आणि खुरपणीही त्या बेताने उथळ.

तारखा पुढे सरकतील. आपल्याकडून मान्सून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परत फिरतो आणि परतीचा पाऊस पुष्कळदा जोराचा असतो. दुसरी नांगरट त्याच्यानंतरच्या वाफशावर. सप्टेंबरमधली उघडीप बघून फसू नका, आणि दसऱ्याच्या सुमाराला ट्रॅक्टर मिळत नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवा.